चीड तोडून बांज उगवत नाही

उन्हाळा लागला की मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. पेटलेल्या डोंगराचा फोटो आणि खाली: "चीड हे झाड हिमालयाचं नव्हेच, ते इंग्रजांनी आणलं. त्याच्यामुळेच जंगलं जळतात, झरे आटतात. वर गावकरी गवतासाठी काडी लावतात. सगळे चीड तोडा, गावं बाहेर काढा, बांज लावा. पाच वर्षांत हिमालय पूर्वीसारखा होईल." चीड म्हणजे तिथला पाइन, बांज म्हणजे तिथला ओक. जून 2024 मध्ये उत्तराखंडच्या कुमाऊँ भागातल्या बिनसर अभयारण्यात आग लागली, तेव्हा हा मजकूर मला चार ठिकाणांहून आला. पाठवणारे बहुतेक नैनिताल-कौसानी फिरून आलेले, त्या डोंगरांवर जीव जडलेले. म्हणूनच नीट उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दा लगेच निकालात निघतो. चीड हिमालयाचाच आहे. पाकिस्तानच्या डोंगरांपासून भूतानपर्यंत, साधारण दोन हजार मीटर उंचीच्या आतल्या उतारांवर तो इंग्रजांच्या फार आधीपासून उभा आहे. इंग्रजांनी त्याचं राज्य वाढवलं, हे मात्र खरं. रेल्वेचे स्लीपर आणि लीसा, म्हणजे राळ, यांसाठी त्यांना चीड हवा होता. गावाला हवा होता बांज: त्याचा पाला गुरांना, वाळलेली पानं गोठ्यात, लाकूड चुलीला. सरकारनं जंगलं राखीव करून लोकांचे हक्क आवळले, तेव्हा 1921 मध्ये कुमाऊँत जंगलं पेटवली गेली. त्यात जळली ती मुख्यतः सरकारी चीडची जंगलं. बांजाला लोकांनी फारसा हात लावला नाही. त्या असंतोषानंतर तक्रार समिती बसली आणि 1931 मध्ये वनपंचायतींचे, म्हणजे गावानं आपलं जंगल सांभाळायचे, नियम आले. आपलं जंगल कोणतं, हे तिथल्या माणसांना तेव्हाही पक्कं माहीत होतं.

"चीडमुळेच जंगलं जळतात." इथे थोडं थांबावं लागेल. चीडच्या सुया, तिथल्या भाषेत पिरूल, एप्रिल ते जून या काळात गळतात. नेमकं तेव्हाच सगळं कोरडं ठणठणीत असतं. पिरूलाच्या थरावर बूट टिकत नाही, ठिणगी मात्र टिकते. पेटलेले शंकू उतारावरून गडगडत खाली जातात आणि आग नव्या जागी नेतात. लीसा काढायला खोडावर केलेल्या जखमाही चटकन पेट घेतात. हे सगळं मान्य. पण पिरूल आपण होऊन पेटत नाही. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात: कुठे शेताचा बांध जाळताना, कुठे फेकलेल्या विडीनं, कुठे मुद्दाम.

मजकुरात निसटलेली गोष्ट याच्या पुढची आहे. चीडची साल जाड असते. वाढलेलं झाड जमिनीलगतची आग सोसून जातं. त्याच्या बीला मोकळी, उघडी माती आणि ऊन लागतं, आणि आग तेच करून ठेवते. बांजाचं कोवळं रोप त्याच आगीत मरतं. म्हणजे आगीमागून चीड वर सरकतो आणि चीडमागून पुन्हा आग येते. हे चक्र कुऱ्हाडीनं तुटत नाही. दक्षिणेकडच्या तापलेल्या उतारावरचा चीड काढला तर तिथे बांज येत नाही. उघडी माती राहते, पावसात ती वाहून जाते आणि मग घाणेरी माजते. उलट चीडच्या सावलीत, आग, चराई आणि फांद्यांची छाटणी काही वर्षं थांबली, तर बांजाची रोपं आपसूक वर येतात. मला या सगळ्या वादात हाच मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो.

बिनसर हे अभयारण्य 1988 मध्ये झालं ते या बांजासाठीच. क्षेत्र पन्नास चौरस किलोमीटरपेक्षाही कमी. खालच्या उतारांवर चीड, वर बांज, बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि शेवाळानं मढलेली खोडं. बिबट्या, काकड (भेकर), घुरड (डोंगरी बकरीसारखा प्राणी), काळं अस्वल, पिवळ्या गळ्याचा चुथरौल (मुंगसासारखा लांबट प्राणी), सगळे इथे आहेत. कालीज कोंबडा जमिनीवर घरटं करतो, तेही वणव्याच्याच महिन्यांत. घुरड तर चीड-गवताच्या तीव्र उतारांवर राहणारा प्राणी. सगळा चीड काढायचा म्हणणाऱ्यानं त्याचं काय करायचं तेही सांगावं.

झऱ्यांचं थोडक्यात. बांजाखालची भुसभुशीत माती पाणी धरून ठेवते, हे खरं. पण नौला (झऱ्याचं बांधलेलं कुंड) किंवा धारा (झऱ्याची धार) वाहती राहते त्यात खालचा खडक, पाऊस, रस्त्यासाठी फोडलेले डोंगर यांचाही वाटा असतो. सगळा दोष एका झाडावर टाकला की बाकीचे सुटतात.

आता "गावं बाहेर काढा". हे वाचून मला खरंच राग येतो. दलाड, सतरी, रिसाल ही अभयारण्यातली गावं. कुमाऊँत गोठे भरलेले होते तेव्हा बाया पिरूल गोळा करून गुरांखाली अंथरत, त्याचं खत होई. माणसं शहराकडे गेली, गुरं कमी झाली, पिरूल जंगलातच साचत राहिला. आग दिसल्यावर पहिल्यांदा धावणारे हातही तेच होते. अल्मोड्याजवळ शीतलाखेतच्या बाजूला लोक 1 एप्रिलला ओण दिवस पाळतात: शेतातला काडीकचरा मार्च संपायच्या आत जाळून मोकळं व्हायचं, म्हणजे पुढच्या कोरड्या दिवसांत शेतातली आग जंगलात शिरत नाही. आगीच्या कारणावर नेमकं बोट ठेवणारा हा उपाय गावातूनच आला.

आणि "तोडा" म्हणणं किती सोपं! 1981 मध्ये, चिपकोनंतर, उत्तराखंडच्या डोंगरांत हजार मीटरच्या वर हिरवी झाडं तोडायला बंदी आली. ती उठवायची मागणी अधूनमधून होतच असते. असे मजकूर त्या मागणीला आयता आधार देतात. एकदा ठेकेदार डोंगरावर चढला की तो चीड आणि बांज यांत किती फरक करेल, याची मला खात्री नाही. कोळशासाठी बांजाची जंगलं याआधीही कापली गेली आहेत.

13 जून 2024 ला बिनसरच्या आगीत वनखात्याचे चार जण जागीच गेले. भाजलेल्यांपैकी आणखी दोघे नंतर उपचार चालू असताना गेले. आग विझवायला भीमतालचं पाणी घेऊन हवाई दलाचं हेलिकॉप्टर आलं, ते त्यानंतर. मेलेल्यांत आगीच्या हंगामापुरते नेमलेले पहारेकरीही होते. डोंगरातला वणवा आजही बहुतेक जागी हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवतात, आणि वारा फिरला तर त्या उतारावर पळायला वाट नसते. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे, वेळेत साफ झाल्या का, या माणसांना आगीत टिकणारे कपडे मिळाले का, पुरेसे हात होते का, हे प्रश्न त्या मजकुरात कुठेच नाहीत. त्यात फक्त झाड आहे.