पुढची साथ वाया घालवू नका

महामारी काही दर दोन वर्षांनी येत नाही. मागच्या वेळी तुमच्यापैकी अनेकांनी ती संधी दवडली. प्रयोगशाळा बंद, म्हणून घरी बसून जुना डेटा तपासत राहिलात आणि शेजारच्या विभागातला गडी वर्षाच्या आत संशोधनाचे पेपरवर पेपर काढून बढती घेऊन गेला. पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून होतकरू संशोधकांसाठी या काही सूचना. निमित्त झालं गेल्या आठवड्यात माझ्याकडे रिव्ह्यूला, म्हणजे छापण्याआधी तपासायला, आलेल्या एका पेपरचं. त्याचं पुढे सांगतो, आत्ता सांगायला बसलो तर सूचना राहतील बाजूला.

विषयाची चिंता नको. मुंग्यांवर काम करत असा नाहीतर पुलांच्या कंपनांवर, शीर्षकाच्या शेवटी ‘महामारीच्या संदर्भात’ एवढं जोडलं की झालं.

दोन साथींच्या मधल्या काळात चुकूनही काम करू नका. सार्स २००२-०३ साली आला, तेव्हा कोरोनाविषाणूवर काम करणाऱ्यांना अचानक भाव आला. साथ ओसरली तसा पैसाही ओसरला. ह्यूस्टनमध्ये पीटर होटेझ आणि मारिया एलेना बोटाझी यांच्या गटाने सार्सची लस पार तयार करत आणली होती. २०१६ च्या सुमारास ती माणसांवर तपासायला पैसे मागितले, कुणी दिले नाहीत. बरोबरच आहे, रोग नाही तर लस कशाला? जीवरसायनशास्त्रज्ञ कातालिन कारिको यांनीही हीच चूक केली. पेशीला प्रथिनं बनवायचा निरोप देणाऱ्या एमआरएनए या रेणूच्या मागे लागल्या, ग्रँट मिळेनात, १९९५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर टाकलं. ड्र्यू वाइसमन यांच्यासोबतचा २००५ चा पेपर आला तेव्हाही फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही. पुढे त्याच कामावर कोविडच्या लशी उभ्या राहिल्या आणि २०२३ साली नोबेल मिळालं, तेव्हा विद्यापीठ अर्थातच आनंदात सहभागी झालं. तुम्हाला इतकी वर्षं थांबायची हौस आहे का?

मोठ्या चाचणीत सामील होऊ नका. कोविडवरची औषधं तपासणारी ब्रिटनमधली ‘रिकव्हरी’ चाचणी मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि १६ जूनला त्यांनी सांगितलं की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटतात. जीव वाचले, पण शेकडो डॉक्टरांच्या यादीत तुमचं नाव कोण शोधणार? त्यापेक्षा आपल्याच वॉर्डातले तीस रुग्ण घ्यावेत आणि आपणच पहिलं नाव लावावं.

आता वेगाबद्दल. इथे आदर्श एकच, फ्रान्समधल्या मार्सेचा, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषध कोविडवर चालतं असं सांगणारा पेपर. १६ मार्च २०२० ला पाठवला, १७ ला स्वीकारला, २० ला ऑनलाइन. माझा एक पेपर संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांवरून महिनोन्‌महिने अडकला होता, असो. मार्सेच्या लेखकांपैकी एक जण त्याच जर्नलचा मुख्य संपादक होता, पण तो योगायोग समजा. शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. औषध दिलेले रुग्ण २६. त्यातले ६ हिशेबातून वगळले. तिघं अतिदक्षता विभागात गेले, एक दगावला, एक रुग्णालय सोडून गेला, एकाने मळमळतंय म्हणून गोळ्या थांबवल्या. उरलेल्या २० जणांवर औषध झकास चाललं. निकष होता सहाव्या दिवशी नाकातल्या स्वॅबमध्ये विषाणू सापडतो की नाही. मेलेल्याचा स्वॅब कुठून आणणार, म्हणून तो मोजायचाच नाही. ही युक्ती पाठच करा! रुग्ण बिघडला की यादीतून काढायचा, मग तुमच्या औषधाने कुणी बिघडणारच नाही. पेपर आल्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्याच्या हवाल्याने ट्वीट केलं, जगभर गोळ्यांवर उड्या पडल्या आणि ल्युपस, संधिवाताच्या ज्या रुग्णांना त्या खरोखर लागतात ते दुकानं पालथी घालत बसले. त्याच मार्च महिन्यात, छापलेल्या पेपरांतल्या गफलती शोधणाऱ्या एलिझाबेथ बिक यांनी पेपरमधल्या या सगळ्या भानगडी जाहीरपणे मांडल्या. ते जर्नल ज्या संस्थेचं, तिने एप्रिलच्या सुरुवातीलाच पेपर आपल्या दर्जाचा नाही असं म्हटलं. म्हणजे तो लगेच मागे घेतला गेला असेल ना? घेतला की, डिसेंबर २०२४ मध्ये! स्वीकारायला एक दिवस आणि काढायला पावणेपाच वर्षं. मधल्या काळात बिकबाईंविरुद्ध सरकारी वकिलांकडे तक्रार झाली, आणि पेपरचा हवाला हजारो वेळा दिला गेला.

डेटा मागितला तर गोपनीयतेचं कारण सांगा.

एवढ्याने भागलं नाही तर ‘सर्जिस्फिअर’ या डेटा पुरवणाऱ्या अमेरिकी कंपनीचा धडा गिरवा. तिच्या डेटावरचा पेपर म्हणत होता, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने मृत्यू वाढतात. ६७१ रुग्णालयं, ९६ हजार रुग्ण, सहा खंड, आणि मूळ नोंदी कंपनीबाहेरच्या सहलेखकांनीसुद्धा पाहिलेल्या नाहीत. २२ मे २०२० ला ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय जर्नलने छापलं, जागतिक आरोग्य संघटनेने लगोलग हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची आपली चाचणी थांबवली. ऑस्ट्रेलियातले मृत्यू सरकारी आकड्यापेक्षा जास्त भरले, तेव्हा कुणाच्या तरी भुवया उंचावल्या. ४ जूनला पेपर मागे. लक्षात घ्या, रिव्ह्यू झाला होता. संपादक होते. फक्त ‘डेटा दाखवा’ म्हणणारं कुणी नव्हतं.

तर तो माझ्याकडे आलेला पेपर. साथीतल्या एका औषधाबद्दलच्या छोट्या छोट्या चाचण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष. तक्ता उघडला तर त्यात एक ओळखीचं भूत. ही चाचणी मी साथीच्या दुसऱ्या वर्षी रिव्ह्यू केली होती. ३० रुग्णांच्या गटात ४१ टक्के बरे झाले, असं त्यात लिहिलं होतं. ३० पैकी १२ म्हणजे ४० टक्के, १३ म्हणजे ४३.३. ४१ टक्के बरे व्हायला बाराच्या वर एका माणसाचा तिसरा हिस्सा बरा व्हावा लागतो. कोणता हिस्सा, ते मी लेखी विचारलं होतं, मूळ नोंदी मागितल्या होत्या. संपादकांनी आभार मानले आणि पेपर नाकारला. मग तो दुसऱ्या जर्नलमध्ये छापून आला. तेच कोष्टक, तेच ४१ टक्के, दशांश चिन्हसुद्धा हललं नव्हतं. आता त्यावर ही एकत्रित इमारत आणि वर मला विनंती, की कृपया ४८ तासांत कळवा, आपल्या बहुमोल वेळेबद्दल आभारी आहोत. बहुमोल म्हणजे फुकट, हे वेगळं सांगायला नको.

प्रकाशनाच्या खर्चाची तजवीज मात्र आधीच करून ठेवा. ‘नेचर’मध्ये पेपर सर्वांना मोफत वाचता यावा असं वाटत असेल, तर २०२१ पासूनचा दर ९,५०० युरो होता. संशोधन जनतेच्या पैशाने, तपासणी आमच्या फुकट घामाने, आणि मग वाचायचे नाहीतर छापायचे पैसे पुन्हा आमच्याकडूनच. उदार मनाने २०२० साली मोठ्या प्रकाशकांनी कोविडचे पेपर सर्वांना खुले केले. म्हणजे करता येतं! मग क्षयरोग्यांनी आणि मलेरियाच्या रुग्णांनी तुमचं काय घोडं मारलंय? ते मरतात ते सावकाश मरतात, एवढंच?

बस झालं. विनोद पुरे. ‘घाई होती, लोक मरत होते’ हे कारण आता सांगू नका. घाई ‘रिकव्हरी’वाल्यांनाही होती, तरी त्यांनी रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटले आणि मेलेले मोजले. संपादकांनो, ३० ला ४१ टक्क्यांनी गुणायला तुम्हाला रिव्ह्यूअर लागतो? तक्रार आली तर लेखकाला चार आठवड्यांत मूळ नोंदी मागायच्या, नाही दिल्या तर पेपर काढायचा, यात अवघड काय आहे? लाज वाटत नाही का, पाच पाच वर्षं ‘चौकशी सुरू आहे’ म्हणायला? आणि ग्रँट वाटणाऱ्यांनो, साथ आली की पोत्याने पैसे ओतता, गेली की कुलूप लावता. प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये ‘कामाची तातडी’ असा रकाना ठेवता. २०१६ साली कोरोनाविषाणूवर काम करणाऱ्याने त्या रकान्यात काय लिहिलं असतं म्हणजे तुम्ही पैसे दिले असते, तेवढं सांगा.