पासिंगसाठी नवी कव्हरं

"अहो, आपली गाडी पुढच्या महिन्यात बाद होतेय," आरसी बुक नाकाजवळ धरून बायको म्हणाली.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. मग ती आरटीओत नेऊन दाखवायची, पास झाली तर पुढची ५ वर्षं मिळतात. ट्रक-टॅक्सीवाले या बाबतीत मुरलेले असतात. त्यांना गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावंच लागतं. मी मात्र २०१० साली शोरूममधून गाडी आणली, नारळ फोडला, पेढे वाटले आणि त्यानंतर बॉनेट उघडलं ते फक्त पुसायचं फडकं शोधायला.

फी बघितली. १ एप्रिल २०२२ च्या आधी जे काम ६०० रुपयांत व्हायचं त्याला आता ५,००० लागतात. एवढे मोजून गाडी नापास झाली तर घरात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. म्हणून आधी मिस्त्रीकडे गेलो.

आमचा मिस्त्री गाडी बघत नाही, ऐकतो. डोळे मिटून, चहाचा ग्लास हातात धरून. इंजिन दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, अशी नेलीत तर गेटवरूनच परत." मग इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश, बंपरचा रंग, हेडलाईटच्या काचांना पॉलिश असं एकेक निघत गेलं. शेवटी त्याने आत डोकावून जीभ चुकचुकली. "सीट कव्हरं बदला. इन्स्पेक्टरची पहिली नजर तिथंच जाते. इम्प्रेशन पडतं." घातली. मरून रंगाची, जाड फोमची, मागची सीट तर अशी गच्च आवळलेली की बसणारा घरंगळून पुढे यावा.

राहिला चेसीस नंबर. त्याचा पेन्सिलीने ठसा घ्यायचा असतो, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसा. पण आधी नंबर सापडायला हवा. मोबाईलचा टॉर्च दातात धरून बॉनेटखाली अर्धा तास शोधला, तेव्हा इंजिनमागच्या पत्र्यावर १५ वर्षांच्या काजळीखाली दिसला. रॉकेलच्या बोळ्याने पुसला, कागद दाबला, घासला, कागद फाटला. तिसऱ्या कागदावर १७ अक्षरं-आकडे उमटले. त्यातलं एक शून्य की ओ, यावर माझं आणि बायकोचं वाजलं. दुसऱ्या दिवशी आरटीओबाहेरच्या एजंटाने न बघताच निकाल दिला : "साहेब, चेसीस नंबरात ओ नसतोच. आय नाही, क्यू पण नाही. घोळ होऊ नये म्हणून." घोळ होऊ नये म्हणून केलेल्या नियमावर आम्ही रात्रीचं जेवण थंड केलं होतं.

पीयूसी बिनबोभाट झाली. पोराने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, नंबर प्लेटचा फोटो काढला. कार्बन मोनॉक्साईड ०.३ टक्क्यांच्या आत. बायकोला अभिमानाने फोन केला. ती म्हणाली, "बरं."

पासिंगच्या रांगेत पुढचा टेम्पोवाला जाणकार निघाला. आता सगळं मशीनवर जाणार, म्हणे. ब्रेक रोलरवर, हेडलाईट यंत्रासमोर. केंद्राने २०२१ मध्ये तसे नियमच काढलेत. "आणि काका, असं टेस्टिंग स्टेशन चालवणाऱ्याला गाड्या दुरुस्त करायला, पार्ट विकायला बंदी." मला उगाचच आमचा मिस्त्री आठवला.

इन्स्पेक्टर पंचविशीतली मुलगी होती. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, वर एमपीएससीची परीक्षा, असं सगळं पार करून ही मंडळी इथं येतात. आणि माझी तयारी काय, तर बंपरला रंग. तिने बंपरकडे पाहिलंही नाही. चेसीस नंबर ताडून पाहिला, हेडलाईट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, ब्रेक. सगळं चाललं. मग मागचं दार उघडून म्हणाली, "काका, मागचे बेल्ट लावून दाखवा."

पट्टे लोंबत होते. पण ज्यात ते अडकवायचे ती लॉकं गायब! मी सीटवर हात फिरवला; फोमखाली कुठंतरी टणक लागत होतं.

"कव्हर नवीन आहे," मी म्हणालो.

"दिसतंय," ती म्हणाली. "पण बेल्ट लागला नाही तर पास करता येणार नाही."

मागून हॉर्न सुरू झाले. टेम्पोवाल्याने ब्लेड पुढे केलं. २,८०० रुपयांच्या कव्हरवर स्वतःच्या हाताने ब्लेड चालवताना माणसाला काय वाटतं ते विचारू नका. फोममधून आधी मिस्त्रीच्या पोराचं हरवलेलं पेचकस निघालं, मग लॉक. टक्. दुसरी चीर. टक्.

पास.

संध्याकाळी पेचकस परत द्यायला गेलो. मिस्त्री मागची सीट बघून कळवळला. "हे कुणी फाडलं?"

"इन्स्पेक्टरने फाडायला लावलं."

त्याने शांतपणे चहाचा घोट घेतला. "बघा. म्हटलं होतं ना, पहिली नजर तिथंच जाते."