शेंदरी बोंडअळीने दाखवलेली उत्क्रांती

उत्क्रांतीवरच्या एका लेखात म्हटलंय की ती लाखो वर्षांत होते, आपल्या हयातीत दिसत नाही. आम्ही यवतमाळकडचे कापूसवाले, आम्ही ती पंधरा वर्षांत बघितली. बीटी कापूस, म्हणजे जिवाणूचं अळी मारणारं जनुक घातलेला कापूस, 2002 मध्ये आला, 2006 मध्ये अशा दोन जनुकांचं बियाणं आलं. सुरुवातीला अळी मरायची. 2017 च्या हंगामात मी एक डोमकळी, म्हणजे अळी लागल्याने न उमललेलं फूल, उघडली, तर चिकटलेल्या पाकळ्यांच्या आत अळी जिवंत. बोंडं बाहेरून हिरवीगार, फोडली की सरकी पोखरलेली आणि कापसाची कवडी.

"अळी सरावली" असं सगळे म्हणायचे. सरावली एकही नव्हती. असंख्य अळ्यांत एखादी जन्मतःच वेगळी होती, ती वाचली, बाकीच्या मेल्या, पुढची पिढी तिची. शेंदरी अळी जवळजवळ कापसावरच जगते, आणि फरदड घेऊन, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक शेतात ठेवून, आपणच तिला महिनोन्‌महिने खाऊ घातलं. तेव्हा पाकिटासोबत नॉन-बीटी बियाणं वेगळं यायचं, ते कडेने लावायचं, म्हणजे तिथे वाढलेल्या साध्या पतंगांशी या वाचलेल्या अळीच्या पतंगांचा संकर होत राहतो आणि न मरणाऱ्या अळ्या लवकर वाढत नाहीत. ते आम्हीही लावलं नाही. का लावायचं हे कुणी बसून समजावलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

माणसाचंही तसंच आहे. सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार, त्याचं जनुक एकाच पालकाकडून आलं तर गंभीर हिवतापापासून बराच बचाव होतो, दोघांकडून आलं तर आजार. गडचिरोली, नंदुरबारच्या कितीतरी घरांत ते म्हणूनच टिकलंय. हिवताप हटला तर त्याचा फायदा उरणार नाही, आणि पुढच्या पिढ्यांत ते हळूहळू घटत जाईल.