श्वास सोडला आणि मोटर लागली

मराठवाड्यात माणसाला एकट्यानं ताण घेता येत नाही. घ्यायचाच झाला तर घरात, गल्लीत, सोयऱ्याधायऱ्यांत वाटून घ्यावा लागतो, आणि घालवायचा झाला तर तेवढीच मंडळी बाह्या सरसावून पुढं येतात. मला हे रक्तदाबामुळं कळलं. डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला, १४६ आणि ९४ असे आकडे सांगितले आणि म्हणाले, "लगेच गोळी नको. महिनाभर ताण कमी करून बघा, नैसर्गिक मार्गानं." एवढं बोलणं आम्हा दोघांतच झालं असतं तर निभावलं असतं. पण सोबत बायको होती, आई होती आणि 'मला बी तिकडंच जायचंय' म्हणून गाडीत बसलेला मेहुणा होता. 'नैसर्गिक' म्हटल्याबरोबर तिघांच्याही चेहऱ्यावर जी तरतरी आली ती बघून माझा खालचा आकडा तिथंच शंभरावर गेला असणार.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी समजावून सांगितलं की, किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. समोर वाघ आला की त्या अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल सोडतात. ठोके वाढतात, रक्तात साखर चढते, पचन थांबतं, माणूस पळायला तयार होतो. वाघ गेला की सगळं जाग्यावर येतं. "तुमचा वाघ जातच नाही असं दिसतंय," ते म्हणाले. "कुठला आहे?"

मी खिशातला मोबाइल काढून टेबलावर ठेवला. तो तिथंही थरथरला.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, असं माझ्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलंय. प्रत्यक्षात मी माहिती पुरवतो. कोणत्या वर्गात किती मुलींना दोन वेण्या आहेत एवढंच अजून कुणी विचारलेलं नाही. बाकी सगळं विचारून झालंय. वरच्या कार्यालयातून मोबाइलवर आलेला निरोप 'तात्काळ' असेल तर आम्ही त्याकडं बघतसुद्धा नाही, 'अतितात्काळ' असेल तर चहा पिऊन बघतो, आणि 'आज दुपारी १२ पर्यंत' असं असेल तर तो साडेबाराला आलेला असतो. ताण या विषयावर १९३६ साली हान्स सेल्ये या संशोधकानं पहिलं मोठं टिपण लिहिलं, ते उंदरांवरच्या प्रयोगांवरून. त्यानं उंदरांना थंडीत ठेवलं, दमवलं, नाही नाही ते टोचलं. व्हॉट्सअॅपच्या गटात मात्र टाकलं नाही. माणूस दयाळू असावा.

तर, सुरुवात श्वासापासून झाली, कारण त्याला पैसे लागत नाहीत. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. याचं शास्त्र मला पटलेलं आहे. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. सोडणं लांबवलं की मेंदूतून निघून छातीपोटात उतरलेली व्हेगस नावाची नस हृदयाला जरा दमानं घ्यायला लावते. नववीच्या वर्गात शिकवावं तसं मी हे बायकोला आकृती काढून समजावलं. ती म्हणाली, "मंग सोडा की. कुणी धरून ठिवलंय?"

धरून ठेवलं होतं ते नळानं.

आमच्या तालुक्याच्या गावात नळ येतो म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या वाचकाला सांगणं भाग आहे. तो येतो आठवड्यातून एखाद्या वेळी. कधी, ते त्याच्या मनावर. मांजरा धरण भरलं तरी हेच आणि आटलं तरी हेच. आणि आधी पाणी येत नाही, आधी हवा येते. अंगणातल्या तोटीला अडकवलेला हिरवा पाइप किंचित हलतो. मग आतून 'भुस्स्स' असा लांबलचक आवाज निघतो, मीटरचा काटा त्या हवेवरच गरागरा फिरतो, पाइप दोनदा खाकरतो, चहाच्या रंगाचं चूळभर पाणी टाकतो आणि मग खरी धार लागते. ज्या बाईला तो 'भुस्स' पहिल्यांदा ऐकू येतो तिची टाकी भरते. बाकीच्यांच्या मोटरी मागाहून नुसत्या गुरगुरत बसतात. नळाला मोटर लावायची नसते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी एकमेकांना नावं ठेवत नाही. शेवटी आम्ही त्या लातूर जिल्ह्याची माणसं आहोत जिथं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, पाच लाख लिटर पाणी, आणि लोक स्टेशनावर ते बघायला गेले होते. तेव्हापासून इथल्या बायकांचे कान झोपेतसुद्धा उघडे असतात.

अशा घरात पहाटे अंधारात मी सतरंजीवर मांडी घालून बसलो. डोळे मिटले, चार मोजले, तोंडाचा चंबू केला आणि सहा मोजत श्वास सोडला.

भुस्स्स.

स्वयंपाकघरात घागर आदळली. "आला!" बायको धावली, खटका दाबला, मोटर सुरू. आमची मोटर ऐकून शेजारच्या काकांची, तिचा आवाज ऐकून समोरच्या वहिनींची, आणि मी दुसरा श्वास आत घेईपर्यंत सबंध गल्ली घरघरायला लागली. बादल्या, हंडे, घागरी, कोणीतरी तर परात घेऊन बाहेर आलं. पाण्याचा टिपूस नाही. "कुकडं आलाय? कुणाकडं आलाय?" अशी चौकशी सुरू झाली आणि प्रत्येक बोट आमच्या घराकडं वळलं. मी डोळे मिटूनच बसलो होतो. तेवढ्यात काकांच्या अंगणातून जळका वास यायला लागला. त्यांच्या मोटरीचं वायंडिंग गेलं होतं.

काका दारात आले. रागावले नाहीत, हे जास्त वाईट. म्हणाले, "सर, श्वास सोडायचा आसंल तर आदी सांगत चला. आम्ही नळ येऊन गेल्याला दिवस सांगू तुम्हाला." तेव्हापासून मी नाकानं सोडतो, आवाज न करता, आणि तोही टाकी भरलेली असली तर. गंमत म्हणजे नाकानंच सोडायचा असतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणे. बायकोला आठवतंय.

मग चहा. दुपारनंतर घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफीन पाचेक तासांनंतरही रक्तात फिरत असतं. त्यामुळं झोप कच्ची होते आणि दुसऱ्या दिवशी लहानसहान गोष्टींनी डोकं भणभणतं. म्हणून चारनंतरचा चहा बंद, असं ठरलं. ठरवणारे आम्ही कोण? संध्याकाळी एका पालकाच्या घरी गेलो. "चहा नको" म्हटल्यावर त्यानं बायकोकडं बघितलं, बायकोनं सासूकडं, आणि सासूबाई म्हणाल्या, "कामून? आमच्यात काय वाईट हाय?" मंग सरबत. मंग दूध. मंग निदान सुशीला तरी खा. मुरमुऱ्याच्या त्या ढिगापुढं बसून मला मुलाच्या गुणपत्रिकेबद्दल जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. पोराला गणितात अठरा होते. आता कपातला पहिला घोट घेऊन कप खाली ठेवायचा आणि बोलत राहायचं, एवढी तडजोड मी शोधून काढलीये. साय धरते, पण मान राहतो.

मेहुण्याचं औषधांचं दुकान आहे. त्यानं अश्वगंधाच्या दोन बाटल्या आणल्या, एक मला आणि एक त्याच्या ताईला. आई म्हणाली, "हे तर आसंध. हिला काय बाटलीत भरायचं?" ताण आणि झोप यांसाठी अश्वगंधाचा थोडाफार उपयोग होतो असं काही लहान अभ्यासांतून दिसलंय, हे खरं. पण बायकोला थायरॉइडची गोळी चालू आहे. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले की अश्वगंधानं थायरॉइडचं प्रमाण हलू शकतं, काहींच्या यकृतालाही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, विचारल्याशिवाय कुणीच घ्यायचं नाही. मेहुणा हिरमुसला. "नैसर्गिक हाय की, दाजी!" धोतराही नैसर्गिकच असतो आणि बांधावरच उगवतो, असं मी म्हणालो. ते त्याला लागलं. दोन दिवस तो जेवायला आला नाही, त्यातून माझा ताण बऱ्यापैकी उतरला.

त्याच फोनवर डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र मी हसण्यावारी नेली नाही. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, विनाकारण छाती धडधडायला लागली, कशातच मन लागेनासं झालं, तर वाटीतेलाच्या भरवशावर बसायचं नाही, सरळ यायचं. रात्रीबेरात्री यायला जमलं नाही तर १४४१६ फिरवायचा. टेलि-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं. मी तो शिक्षकांच्या खोलीत फळ्यावर लिहिला. दुसऱ्या दिवशी बघतो तर बऱ्याच जणांनी हळूच उतरवून घेतला होता आणि विचारलं की जो तो म्हणे, "भाच्यासाठी."

वाटीतेलाचं सांगायचं राहिलं. ती आईची बाजू. तिच्या माहेरची काशाची वाटी आहे, कडेला बारीक पोचा आलेली. रात्री मला खाटेवर पाय लांब करून बसायला लावायचं, तळव्याला साजूक तूप चोपडायचं आणि वाटी उपडी धरून टाचेपासून चवड्यापर्यंत घासायची. हळूहळू तूप करडं होतं, मग राखाडी, मग तळवा काळाकुळकुळीत. "बघ, केवढी उष्णता निघाली," आई म्हणायची. विज्ञानाचा मास्तर म्हणून मला दिसत होतं की ती उष्णता नव्हे, काशाचा धातू घासून तुपात उतरतोय. पण हे तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं तोवर मला झोप लागली होती. तळव्यांना कुणीतरी अर्धा तास मायेनं चोळलं तर कसली ग्रंथी आणि कसलं काय! सकाळी चादरीवर दोन काळे ठसे, आणि बायकोचा तिच्या वाटणीचा ताण तिथून सुरू.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आधी मावशी आल्या, मग समोरच्या वहिनींचे सासरे, आणि एका संध्याकाळी मोटरवाले काकाही चप्पल काढून खाटेच्या टोकाशी बसले. आईनं त्यांचे पाय अर्थातच चोळले नाहीत, वाटी माझ्या हातात दिली. वायंडिंगचे पैसे त्यांनी घेतले नव्हते. मी उजवा पाय पुष्कळ वेळ घासला.

राहता राहिला निसर्ग. जपानच्या वनखात्यानं १९८२ मध्ये शिनरिन-योकू नावाची कल्पना काढली. जंगलात जायचं, चालायची घाई करायची नाही, पानांचा वास घ्यायचा, पाखरं ऐकायची. आपल्याकडं त्याला वनस्नान म्हणतात. उत्तम कल्पना. फक्त लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही. आम्ही वनात स्नान करायचं म्हणजे दोन बाभळीत मिळून एकेक तांब्या घ्यायचा. तसं कागदोपत्री आमच्या शाळेभोवती घनदाट अरण्य आहे, दर पावसाळ्यात लावलेल्या रोपांचे फोटो आम्हीच वर पाठवतो. खड्डे तेच असतात.

म्हणून आम्ही येळवशीची वाट बघितली. डिसेंबर-जानेवारीत ही अमावस्या येते तेव्हा लातूर-धाराशिवकडं गावंच्या गावं ओस पडतात, सगळे शेतात. आमच्या गणिताच्या सरांचं रान गावापासून जवळच. कडब्याची कोप केलेली, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले, पूजा झाली आणि पंगत बसली. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, ओल्या तुरीची, वाटाण्याची, हरभऱ्याची, हाताला लागेल त्या भाजीची मिळून केलेली चिंचेची आंबूस भज्जी. ती वाढताना कुणी प्रमाण बघत नाही, आणि खाताना तर नाहीच. आणि मडक्यातलं अंबिल. ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेलं, वर लसणाचा वास. पहिल्या वाटीला घसा गार होतो, दुसऱ्या वाटीला कान, तिसरीनंतर माणसाला आपलं नाव कुणी विचारू नये असं वाटतं.

मी लिंबाखाली धडपा टाकून आडवा झालो. मोजून श्वास घेतला नाही. पलीकडं मेहुणा आणि काका पत्त्यांवरून भांडत होते, पोरं तुरीत लपत होती, आई कुणाला तरी वाटीची कथा सांगत होती. या सगळ्या कल्ल्यात मला जी झोप लागली तशी शांत खोलीत कधी लागली नव्हती.

जाग आली ती गणिताच्या सरांच्या हाकेनं. त्या रानात रेंज फक्त विहिरीच्या काठावर येते. सर तिथं उभे राहून मोबाइल आभाळाकडं धरून वाचत होते. "अतितात्काळ. शिक्षकांसाठी ताणमुक्ती उपक्रम राबवल्याचे दोन फोटो, अक्षांश-रेखांशासह, आज चारपर्यंत. न पाठवल्यास खुलासा."

साडेतीन झाले होते. मी उठायला लागलो.

"उठू नका, उठू नका!" सर काठावरून ओरडले. "झाडाखालीच ऱ्हावा तसं. डोळे मिटा. ओ काका, ते पत्ते लपवा. सर, चेहरा जरा शांत करा. आन् पोट आत घ्या, अंबिल दिसायलंय."

पोट आत घ्यायचं म्हणजे श्वास धरावा लागतो. धरला.

"लोकेशन यायलंय... यायलंय... गेलं. सर, सोडू नका, धरूनच ऱ्हावा!"