‘रेटिंग बघा, निकाल लिहून टाका’: चॅम्पियन हर्डलबद्दलच्या एका पक्क्या समजाला उत्तर

चेल्टनहॅमच्या चॅम्पियन हर्डल या अडथळ्यांच्या घोडाशर्यतीचा विषय निघाला की एक विधान हमखास पुढे येतं. त्याचा आशय असा: “ही मुळात सपाट शर्यतच आहे, अडथळे नावापुरते. ज्याचं रेटिंग सर्वांत वर तो फेव्हरेट, आणि फेव्हरेटच जिंकतो. पडला तर नशीब. घोड्या जिंकतात त्या सात पौंडांच्या सवलतीवर. २०२५ची विजेती घोडी गोल्डन एस म्हणजे लॉटरी. मग दावेदारांवर एवढी चर्चा कशाला?”

महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर फ्लॅट शर्यती बघून ज्यांचा डोळा तयार झाला आहे, त्यांना हे लगेच पटतं. म्हणूनच ते एकेक मुद्दा घेऊन तपासायला हवं. यातलं काही अर्धं खरं आहे. ते खरं आहे असंच खाली म्हटलं आहे.

आधी शर्यत कशी आहे ते थोडक्यात. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला मार्चच्या महोत्सवात पहिल्या दिवशी, तिथल्या ओल्ड कोर्स या धावमार्गावर ती होते. पहिली १९२७मध्ये झाली, ब्लॅरिसने जिंकली. अंतर दोन मैल ८७ यार्ड, म्हणजे सुमारे ३,३०० मीटर, आणि वाटेत आठ हर्डल. पाच वर्षांचे आणि त्याहून मोठे घोडे ११ स्टोन १० पौंड, म्हणजे साधारण ७४.४ किलो वजन घेऊन धावतात. माद्यांना त्यात सात पौंड सूट. हँडिकॅप नाही. चांगल्या घोड्यावर जास्त वजन टाकून सगळ्यांना एका पातळीवर आणायचा प्रकार इथे नसतो.

“अडथळे नावापुरते”

सगळ्या गैरसमजाचं मूळ इथे आहे, त्यामुळे इथेच जरा थांबू.

ब्रिटनमधलं नेहमीचं हर्डल म्हणजे लाकडी चौकट. खालच्या आडव्या दांडीपासून वरच्या दांडीपर्यंत किमान साडेतीन फूट, मध्ये काटक्या विणलेल्या, वरच्या दांडीला पॅडिंग. अशा चौकटी शेजारी शेजारी जमिनीत ठोकतात आणि येणाऱ्या घोड्याच्या विरुद्ध बाजूला तिरप्या झुकवतात. तिरकेपणामुळे प्रत्यक्षात उंची आणखी कमी भरते. स्टीपलचेसचं कुंपण किमान साडेचार फुटांचं असतं आणि ते हलत नाही. हर्डलला पाय लागला तर ते मागे झुकतं. ‘नावापुरते’ हा शब्द यातूनच आला.

पण हर्डल मऊ आहे म्हणूनच घोडा ते जेमतेम ओलांडायला शिकतो. हवेत उंच जाणं म्हणजे वेळ घालवणं. चांगला हर्डलर धावता धावता पुढचे पाय दुमडतो, पाठ फारशी न वाकवता दांडीच्या अगदी वरून निघून जातो आणि जमिनीला टेकताच पुढची ढांग टाकतो. अ‍ॅनी पॉवरने २०१६मध्ये ही शर्यत ३ मिनिटं ४५.१० सेकंदांत संपवली. हिशेब केला तर आठ उड्यांसकट सरासरी वेग ताशी जवळजवळ ५३ किलोमीटर येतो. त्या वेगात एक लेंग्थ (एका घोड्याची लांबी) म्हणजे सेकंदाचा साधारण सहावा भाग. हर्डलजवळ गेल्यावर घोड्याने एक आखूड ढांग टाकून अंतर जुळवून घेतलं की अर्धी-एक लेंग्थ गेलीच. आठ हर्डलवर अर्धी अर्धी गेली तरी चार लेंग्थ होतात. २०२४मध्ये स्टेट मॅनने आयरिश पॉइंटला सव्वा लेंग्थने हरवलं, २०१८मध्ये बुव्हूर डेअरने मेलनला फक्त मानेएवढ्या अंतराने. चार लेंग्थ किती मोठी गोष्ट आहे ते यावरून दिसतं.

आता ‘सपाट शर्यतीतला वेगवान घोडाच इथे जिंकतो’ हे बघू. सी पिजन हा फ्लॅटचा अव्वल घोडा. एप्सम डर्बीत धावलेला, चेस्टर कप दोनदा आणि १९७९ची ईबॉर हँडिकॅप जिंकलेला. नुसत्या वेगात मंक्सफील्ड त्याच्या जवळपास नव्हता. तरी १९७८ आणि १९७९ या दोन्ही चॅम्पियन हर्डलमध्ये लहानखुऱ्या मंक्सफील्डने त्याला मागे टाकलं. दुसऱ्यांदा पाऊण लेंग्थने, शेवटच्या हर्डलनंतरच्या चढणीवर पुन्हा उसळी घेऊन. सी पिजन जिंकला तो नंतर, १९८० आणि १९८१मध्ये, अनुक्रमे दहा आणि अकरा वर्षांचा असताना. १९८१मध्ये जॉकी जॉन फ्रॅन्कमने त्याला शेवटचं हर्डल पार होईपर्यंत दाबून धरलं आणि मग सोडलं. वेग होताच, तो कुठे वापरायचा हे ठरवायला हर्डल आणि चढण लागली. अलीकडचे विजेते हनीसकल आणि कॉन्स्टिट्यूशन हिल तर फ्लॅटवरून आलेच नाहीत. दोघांची सुरुवात आयर्लंडच्या पॉइंट-टू-पॉइंट शर्यतींत, म्हणजे शेताशिवारातल्या कुंपणांवर झाली.

“रेटिंग वर, म्हणजे विजय नक्की”

हा मुद्दा आकड्यांवर उभा आहे, आणि आकडे बघितले तर तो पोकळ नाही. २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत आठ वेळा फेव्हरेट जिंकला. अपवाद दोनच. २०१७मध्ये यानवर्थ फेव्हरेट होता आणि बुव्हूर डेअर जिंकला. २०१९मध्ये फेव्हरेट बुव्हूर डेअर तिसऱ्याच हर्डलवर पडला, त्याच्यामुळे शारजा खाली आला, आणि १६/१ भावाचा (एक लावल्यास वर सोळा देणारा) पाच वर्षांचा एस्प्वार दालाँ १५ लेंग्थने जिंकला.

मात्र दहा वर्षांची खिडकी कुठे लावायची हे निवडणाऱ्याच्या हातात असतं. थोडं मागे सरका: २०१२मध्ये हरिकेन फ्लाय ४/६ भावाने उतरला आणि तिसरा आला. २००२मध्ये तीन वेळचा विजेता इस्ताब्राक दोन हर्डलनंतर थांबवावा लागला. हार्डी यूस्टेस २००४मध्ये ३३/१ला जिंकला, बीच रोड १९८९मध्ये ५०/१ला.

दुसरी गोष्ट भावाची. २०२५मध्ये कॉन्स्टिट्यूशन हिलचा भाव १/२ होता. याचा अर्थ बाजाराच्या मते तो तीनपैकी दोनदा जिंकेल. तिसऱ्या वेळी काय होईल, हा प्रश्न भावातच लिहिलेला आहे. ‘फेव्हरेट बहुतेक वेळा जिंकतो’ आणि ‘फेव्हरेट जिंकणारच’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

रेटिंग कशाचं बनतं तेही लक्षात घ्यावं. ते झालेल्या शर्यतींतल्या अंतरांवरून काढतात. डिसेंबर २०२४मध्ये लेपर्ड्सटाउनला ब्रायटरडेजअहेड ३० लेंग्थने जिंकली. किंग ऑफ किंग्जफील्डने पुढे राहून जबर वेग लावून दिला होता आणि स्टेट मॅन त्या दिवशी आपल्या नेहमीच्या पातळीच्या खाली होता. पुढच्याच फेब्रुवारीत स्टेट मॅनने आयरिश चॅम्पियन हर्डल जिंकली आणि मार्चमध्ये चेल्टनहॅमला ब्रायटरडेजअहेड चौथी आली. तीस लेंग्थ खोट्या नव्हत्या, पण त्या ज्या परिस्थितीत मिळाल्या ती परिस्थिती रेटिंगच्या आकड्यात दिसत नाही.

“पडला तर नशीब”

काही वेळा खरंच नशीब असतं. २०१९च्या शारजाने काहीच चूक केली नव्हती. पण बाकीच्या बहुतेक पडण्यांना कारण असतं, आणि ते आधी दिसतं.

घोडा तीन प्रकारे चुकतो. एक: लांबून उडी घेतो, पुढचे पाय दांडी पार करून जातात पण कमान खाली येताना मागचे अडकतात. दोन: फार जवळ पोचतो, पुढचे पाय दुमडायला जागाच उरत नाही, दांडी गुडघ्याखाली लागते आणि डोकं खाली जातं. तीन: ओलांडतो नीट, पण टेकताना पुढच्या पायावर सगळा भार येऊन तो मोडल्यासारखा दुमडतो. तिसरा प्रकार थकलेल्या घोड्यात जास्त. शिवाय पुढे असलेल्या घोड्याला अंतराचा अंदाज देणारं कोणी समोर नसतं. म्हणून शेवटच्या हर्डलवर, मोकळ्या आघाडीवर असलेला दमलेला घोडा हा सर्वांत सुरक्षित दिसतो आणि तसा नसतो. अ‍ॅनी पॉवर २०१५मध्ये मेअर्स हर्डल या माद्यांच्या शर्यतीत अशीच शेवटी पडली, २०१९मध्ये बेनी दे द्यू तशीच. दोन्ही वेळा हाच ओल्ड कोर्स, हाच पहिला दिवस. ११ मार्च २०२५ला चॅम्पियन हर्डलमध्ये स्टेट मॅनही शेवटच्याच हर्डलवर, आघाडीवर असताना पडला. (घोड्यांना केशरी रंग नीट ओळखता येत नाही हे लक्षात आल्यावर ब्रिटनने हर्डलच्या दांड्या पांढऱ्या केल्या. पडणं निव्वळ नशिबावर असतं, तर त्याची गरजच नव्हती.)

त्याच शर्यतीत कॉन्स्टिट्यूशन हिल पाचव्या हर्डलवर पडला. तोवर हर्डलवरच्या दहा शर्यतींत तो अजिंक्य होता, त्यामुळे ‘दुर्दैव’ हा शब्द लगेच वापरला गेला. पण जानेवारीत याच चेल्टनहॅमला झालेल्या तयारीच्या शर्यतीत त्याने शेवटच्या हर्डलला जोरात धडक दिली होती. जिंकला म्हणून ती विसरली गेली. मार्चनंतर एप्रिलमध्ये एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवर तो पुन्हा पडला, पंचेस्टाउनला पाचवा आला आणि नोव्हेंबरमध्ये न्यूकॅसलला फायटिंग फिफ्थ या शर्यतीत परत पडला. चार शर्यतींत तीन वेळा. याला दुर्दैव म्हणणं म्हणजे डोळे मिटणं आहे.

“घोड्या सवलतीवर जिंकतात”

सवलत खरी आहे आणि तिचा परिणामही खरा आहे. सात पौंड म्हणजे ३.२ किलो. दोन मैलांच्या हर्डलला ढोबळमानाने एक पौंडाला एक लेंग्थ धरतात. अ‍ॅनी पॉवर साडेचार लेंग्थने जिंकली, एपाटांट २०२०मध्ये तीन लेंग्थने, हनीसकल २०२१मध्ये साडेसहा लेंग्थने. कागदावर ही तिन्ही अंतरं सवलतीत मावतात. हे नाकारून वाद जिंकता येणार नाही.

पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. हनीसकल २०२२मध्ये साडेतीन लेंग्थने जिंकली तेव्हा दुसरी आली ती एपाटांट, तिलाही तेवढीच सवलत होती. अ‍ॅपल्स जेड आणि लॉरिना यांना २०१९मध्ये सवलत मिळूनही त्या हरल्या. गोल्डन एसने २०२५मध्ये बर्डेट रोडला नऊ लेंग्थने मागे टाकलं. सात पौंड वजा केले तरी ती पुढेच राहते. इंडियन डर्बीतही फिलीला वजनात सूट असते आणि तिथे कोणी विजय परत मागत नाही. सवलत हा अटींचा भाग आहे, आणि अट आधीच ठाऊक असते. दावेदारांची चर्चा करायची तर ती हिशेबात धरायची, निकालानंतर तक्रार म्हणून नव्हे.

“गोल्डन एस म्हणजे लॉटरी”

स्टेट मॅन उभा राहिला असता तर तोच जिंकला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २५/१ हा भाव चुकीचा होता असंही नाही. पण लॉटरीत तिकीट घेणाऱ्याला काही करावं लागत नाही. तिने वर्षभर आधी, २०२४च्या महोत्सवात मेअर्स नॉव्हिसेस हर्डलमध्ये (हर्डलवर नवख्या माद्यांची शर्यत) ब्रायटरडेजअहेडला हरवलं होतं, तेही चेल्टनहॅमच्याच चढणीवर. हे निकालपत्रात कोणालाही वाचता येत होतं. मग २०२५मध्ये लॉसीमाउथ ही तगडी घोडी मेअर्स हर्डलकडे वळली, आणि गोल्डन एसला तिच्यासमोर न नेता सात घोड्यांच्या चॅम्पियन हर्डलमध्ये उतरवलं गेलं. मोठ्या शर्यतीत थोडेच प्रतिस्पर्धी, बक्षिसाची एकूण रक्कम साडेचार लाख पौंड, आणि घोडी स्वच्छ उड्या मारणारी. हा विचार करून घेतलेला निर्णय होता. जॉकी लॉर्कन विल्यम्सने तिला पहिल्या दोघांच्या वेगामागे ओढलं नाही. नोव्हेंबरमध्ये फायटिंग फिफ्थही तिनेच जिंकली. तिथे कॉन्स्टिट्यूशन हिलसोबत द न्यू लायनही पडला. आठही हर्डल व्यवस्थित पार करणाऱ्या घोडीला इतरांच्या चुका दोनदा उपयोगी पडल्या, तर तिची ती क्षमताच मोजायला हवी.

“मग चर्चा कशाला?”

कारण वरच्या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर शर्यतीआधी शोधता येतं, फक्त ते रेटिंगच्या रकान्यात नसतं. दावेदाराच्या मागच्या तीन शर्यतींची चित्रफीत घ्यावी आणि प्रत्येक हर्डलसमोर तीनपैकी एक खूण करावी: स्वच्छ, लागलं, वेग कमी झाला. आठ हर्डलच्या तीन शर्यती असतील तर चोवीस खुणा होतात. त्यात शेवटच्या दोन हर्डलच्या खुणा वेगळ्या काढाव्यात, कारण दमल्यावरची उडी तीच खरी उडी. मग पुढे कोण जाणार ते बघावं. वेग लावणारा घोडा मैदानात नसेल तर वेगवान फिनिश असलेल्याला फायदा, असेल तर उडी आणि दम यांना. आणि घोडा उडीत कुठल्या बाजूला सरकतो ते न चुकता बघावं. चेल्टनहॅम डाव्या वळणाचं आहे. उजवीकडे सरकणारा घोडा प्रत्येक हर्डलला आतली जागा दुसऱ्याला देतो, आणि ते नुकसान उजव्या वळणाच्या केम्प्टनच्या निकालात दिसलेलं नसतं.