फादरनी सांगितलं म्हणून

२०२० च्या मार्चमध्ये ह्यूस्टनला आमच्या शेजारच्या मेक्सिकन आजींकडे जनगणनेचं पत्र आलं आणि ते थेट कपाटाच्या खणात गेलं. घरात आठ माणसं. जावयाकडे कागदपत्रं नव्हती. सरकारी पाकीट उघडायचं नाही, हा त्या घराचा नियम.

आम्ही दोनदा समजावलं. आमची मुलगी शाळेत स्पॅनिश शिकलेली, तिने भाषांतर केलं. माहिती ७२ वर्षं गुप्त राहते, फोडणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होतो, सगळं सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. पत्र खणातच राहिलं.

मग एका रविवारी त्यांच्या चर्चच्या फादरनी फोनवरच्या मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, सांगितलं, की बाळासकट घरातल्या सगळ्यांची नावं द्या. त्याच संध्याकाळी आजींनी आम्हाला हाक मारली.

तेव्हापासून मला ठामपणे वाटतं, की लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांच्या, वस्त्यांत शिरगणतीचं खरं काम चर्चच करू शकतं. जाहिरातीतल्या माणसाला तिथे कुणी ओळखत नाही. ज्याने मुलांचा बाप्तिस्मा केला, आजोबांना माती दिली, त्याच्या शब्दाला वजन असतं.

पण हा शब्द देणं सोपं नव्हतं. २००९ मध्ये लॅटिनो पाळकांतच मोठी फूट पडली होती. रेव्हरंड मिगेल रिव्हेरा यांच्या संघटनेने कागदपत्रं नसलेल्यांना २०१० च्या जनगणनेवर बहिष्कार टाकायला सांगितलं होतं: आधी आम्हाला कायदेशीर करा, मग मोजा. दुसऱ्या बाजूने ‘नालेओ’ ही लॅटिनो लोकप्रतिनिधींची संघटना नाताळच्या सुमारास चर्चमध्ये पोस्टर वाटत होती. त्यावर बेथलेहेमच्या वाटेवरचे योसेफ आणि मरिया. लूकच्या शुभवर्तमानात ते दोघं नावनोंदणीसाठीच तर निघालेले असतात! रिव्हेरांना ते पोस्टर अजिबात आवडलं नाही. मला मात्र ते फार नेमकं वाटतं. गर्भारपणात सरकारी हुकमापायी केलेला प्रवास लॅटिनो बायकांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बहिष्कार चूक होता असं मी म्हणेन, पण त्यामागची भीती खोटी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबलं, तेव्हा त्यांच्या वस्त्या शोधायला जनगणनेचेच आकडे वापरले गेले. आणि २०२० च्या आधी नागरिकत्वाचा प्रश्न फॉर्मवर आणायचा प्रयत्न झाला. जून २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो अडवला, प्रश्न फॉर्मवर आला नाही, पण धास्ती घराघरात पोचली ती पोचलीच.

त्यात कोविड. नेमकी याद्या भरायच्या दिवसांत चर्चची दारं बंद. मिस्सेनंतर हॉलमध्ये टेबल मांडून फॉर्म भरून देणं राहूनच गेलं. पुढे जनगणना खात्याच्याच पडताळणीत दिसलं, की लॅटिनोंची गणना ४.९९ टक्क्यांनी कमी झाली. २०१० मध्ये हाच आकडा १.५४ होता. शंभरातली पाच माणसं सरकारच्या खिजगणतीतही नाहीत! प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांची राज्यांतली वाटणी, शाळांचा, दवाखान्यांचा, रस्त्यांचा पैसा, सगळं या मोजणीवर ठरतं. त्या वेळी कॅलिफोर्निया राज्याने जनजागृतीवर १८.७ कोटी डॉलर ठेवले. आमच्या टेक्सासच्या विधिमंडळाने काहीच ठेवलं नाही. याचा मला आजही राग येतो.

सगळ्यात जास्त सुटतात ती लहान मुलं. कागदी फॉर्मवर तर सहाच माणसांच्या पूर्ण तपशिलाला जागा होती. एका छपराखाली तीन पिढ्या राहणाऱ्या घरात सातवं नाव बहुतेक तान्ह्याचं असणार.

इथल्या आपल्या मराठी लोकांत अशी अडचण कमी. २०२० मध्ये जनगणना खात्याने चक्क मराठीतही मार्गदर्शिका काढली होती, मी ती मंडळाच्या ग्रुपवर टाकली होती. बहुतेकांनी तोवर फॉर्म भरलेलेच होते. कागदपत्रं चोख असली की सरकारी पाकिटाची भीती वाटत नाही. म्हणूनच इथल्या मराठी मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. पुढची जनगणना १ एप्रिल २०३० ला आहे. बेकायदा स्थलांतरितांना मोजूच नये, अशी भाषा पुन्हा सुरू झाली आहे. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत मात्र ‘माणसं’ मोजा असं आहे, ‘नागरिक’ मोजा असं नाही. शेजारच्या चर्चला टेबलं मांडायला, फॉर्म समजावायला माणसं लागतील. आत्ताच जाऊन ओळख करून घ्या.

त्या संध्याकाळी आजींनी पत्र खणातून काढलं आणि पहिलं नाव सांगितलं ते नातीचं. दोन महिन्यांची होती.