लिथियमची गोळी म्हणजे बॅटरीतलं विष?

‘मनोविकाराचे डॉक्टर बॅटरीतलं लिथियम खाऊ घालतात’ असा मेसेज नागपुरात फिरतोय. गोळीत असतं ते लिथियम कार्बोनेट, एक क्षार. ऑस्ट्रेलियाचे मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या १० रुग्णांवरचा गुण छापला. त्याआधी स्वतः घेऊन पाहिलं होतं. बायपोलरसाठी, म्हणजे कधी उन्माद तर कधी खोल नैराश्य येणाऱ्या आजारासाठी, ते आजही वापरात आहे.

जपावं लागतं, हे मात्र खरं. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त तपासून मात्रा ठरवतात. आपल्या मे महिन्यात तर जास्तच सांभाळा: घामाच्या धारा, त्यात पाणी कमी, की रक्तातलं प्रमाण चढतं. अंगदुखीवर आयबुप्रोफेन घेतली तरी तेच. जुलाब लागले, हात जोरात थरथरले, तोल गेला, तर लगेच दवाखाना गाठा. पण मेसेज वाचून गोळी परस्पर बंद केली, तर उन्माद पुन्हा उसळू शकतो.